वाचक विचारतात: आबासाहेबांची आठवण ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

जुलै जवळ आला की सांगोला, आटपाडी, मंगळवेढा, जत या बाजूनं येणाऱ्या पत्रांमध्ये एक विषय हमखास असतो, तो म्हणजे भाई गणपतराव देशमुख, म्हणजे सगळ्यांचे आबासाहेब. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात ते गेले, वय ९४ च्या घरात होतं. सांगोल्यातून ११ वेळा आमदार, दोनदा मंत्री, आणि आयुष्यभर एकच पक्ष, शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शेकाप. यंदा पत्रं जास्त आली म्हणून हे अख्खं सदर त्याच विषयाला दिलंय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, म्हणून फक्त गावं दिलीत.

प्रश्न: आम्ही सांगोला तालुक्यातली पुण्यात नोकरी करणारी पोरं आहोत. दरवर्षी पुण्यतिथीला आमचा ग्रुप फ्लेक्स लावतो, रक्तदान शिबिर घेतो आणि आबा एसटीतून प्रवास करायचे ती पोस्ट फिरवतो. यंदा काहीतरी वेगळं करायचं ठरलंय पण काय ते सुचत नाहीये. (सांगोला, सध्या पुणे)

रक्तदान चालू ठेवा, ते कधीच वाया जात नाही. फ्लेक्सचं तुमचं तुम्ही बघा. पण एसटीच्या पोस्टबद्दल मला थोडं बोलायचंय, कारण तुमच्यासारखी बरीच पत्रं आलीत आणि सगळ्यांत आबांबद्दल तेच एक वाक्य आहे: साधा माणूस, एसटीनं जायचे, कधी पक्ष बदलला नाही. हे खरंच आहे आणि आजच्या काळात ते लोकांना भावतं हेही समजतं, पण नुसतं तेवढंच सांगत राहिलो ना, की पुढच्या पिढीला वाटणार गणपतराव देशमुख म्हणजे कुणीतरी चांगले साधे आजोबा होते. आजोबा होते म्हणून लोकांनी ११ वेळा निवडून दिलं नव्हतं त्यांना. ते काम करायचे, विधानसभेत बसून करायचे, कागद वाचून करायचे, आणि ते काम काय होतं ते तुमच्या ग्रुपमधल्या किती जणांना सांगता येईल, हे एकदा स्वतःलाच विचारून बघा.

म्हणून माझं सांगणं असं आहे की यंदा कामाची आठवण काढा. कुठून सुरुवात करायची ते सांगतो.

पहिलं म्हणजे पाणी. सांगोला तालुका पर्जन्यछायेतला, माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरायला लागली, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबासाहेब अशी मंडळी एकत्र आली आणि सातारा, सांगली, सोलापूरच्या १३ दुष्काळी तालुक्यांनी एका आवाजात मागणी केली की कृष्णेचं पाणी आमच्याकडं आणा आणि ते सगळ्यांना समान न्यायानं वाटा. तेव्हा हे अनेकांना स्वप्नच वाटायचं, कारण कऱ्हाडजवळ टेंभूला अडवलेलं पाणी एकामागून एक टप्प्यानं उपसून माणदेशात आणायचं म्हणजे पैसा, वीज, जमीन, सगळंच लागणार. आणि त्यात घाई पण होती, राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं जे पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिलं होतं ते २००० सालाच्या आत वापरात आणायचं होतं. १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, टेंभूच्या कामाला सुरुवात झाली, मग वर्षानुवर्षं निधीसाठी रडगाणं, परत परिषद, परत मोर्चा, परत सभागृहात प्रश्न. हे सगळं ज्यांनी डोळ्यानं बघितलं, परिषदेला भाकऱ्या बांधून गेले, ते लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या गावातल्या अशा म्हाताऱ्या माणसांकडं फोन घेऊन जा आणि रेकॉर्ड करा. प्रश्न साधे ठेवा: परिषदेला कसे गेलात, कुणी बोलावलं, आबा काय बोलले, पाणी पहिल्यांदा कधी बघितलं, तुमच्या शिवारात अजून आलंय का नाही. शेवटचा प्रश्न नक्की विचारा, कारण काही गावांत पाणी अजून नीट पोचलेलं नाही आणि ते लपवून ठेवलेलं आबांनाही आवडलं नसतं.

दुसरं, सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही तिथं शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी काढायची, आणि राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या कर्जात बुडाल्या, बंद पडल्या, तेव्हा ही चालवून दाखवायची, हे आबांना कसं जमलं? तिथं काम केलेल्या एखाद्या फिटरला, सुपरवायझरला, महिला कामगाराला विचारा की गिरणीत नोकरी लागल्यावर घरात काय बदललं, ऊसतोडीला जायचं थांबलं का, पोरांची शिक्षणं झाली का. आबांचे अंत्यसंस्कार सूतगिरणीच्याच आवारात झाले, यावरून त्या जागेचं आणि त्यांचं नातं कळतं.

तिसरं डाळिंब. आज सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि सांगोल्याचा माल कुठकुठं जातो ते तुम्ही जाणता. पण माळरानावर एवढ्या बागा उभ्या राहिल्या त्यात १९९०-९१ ला आलेल्या रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेचा मोठा वाटा आहे. ती योजना आबांनी एकट्यानं आणली असं अजिबात लिहू नका, ती राज्याची योजना होती. पण योजना कागदावर असणं आणि आपल्या तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येणं यात खूप अंतर असतं, आणि त्या अंतरात आमदार काय करतो, तहसीलला कुणाबरोबर जातो, कुठली फाईल अडलीय ते कुणाला विचारतो, हे लोकांकडूनच कळेल. ही माहिती कुठल्या पुस्तकात नाहीये.

तुमच्या ग्रुपमध्ये पाच-दहा जण जरी मनावर घेणारे असतील तरी एका पावसाळ्यात चांगला साठा होईल. रेकॉर्डिंग करताना माणसाची परवानगी घ्या, गाव आणि तारीख बोलून घ्या, फाईलला नीट नाव द्या, आणि एक कॉपी गावच्या वाचनालयात, एक कॉलेजात ठेवा. ग्रुपवर टाकून सोडून देऊ नका, फोन बदलला की सगळं जातं.

प्रश्न: आबासाहेबांचा जागतिक विक्रम आहे, जगात सगळ्यात जास्त वेळा निवडून आलेले आमदार, असा मेसेज येतो. खरं आहे का? स्मरणिकेत टाकू का? (मंगळवेढा)

नका टाकू. करुणानिधी तमिळनाडूत १३ वेळा निवडून आले, आणि केरळचे के. एम. मणी तर पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा. आबांचे ११ विजय हा महाराष्ट्रातला विक्रम आहे आणि तो काय कमी आहे का? उगाच फुगवून सांगितलं की कुणीतरी चूक काढतो आणि मग खरी गोष्ट पण लोकांना खोटी वाटायला लागते.

साल पाहिजेत तर ही घ्या: १९६२, १९६७, मग १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. १९६२ ची निवडणूक म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिलीच विधानसभा निवडणूक, तेव्हापासून ते २०१९ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर हा माणूस सभागृहात होता. २०१९ ला वयामुळं ते उभे राहिले नाहीत. राज्याच्या विधानसभेचा जवळजवळ सगळा इतिहास एका माणसानं आतून बघितला, हे वाक्य टाका स्मरणिकेत, ते शंभर टक्के खरं आहे.

प्रश्न: मी आटपाडी भागात शाळेत शिकवते. स्मरणिकेसाठी माझ्याकडं लेख मागितलाय. मी त्यात त्यांचे दोन पराभव आणि १९९९ ला मंत्री झाले तेव्हा कार्यकर्त्यांत झालेली चर्चा पण लिहिलीय. संपादक मंडळातले काही जण म्हणतात, पुण्यतिथीच्या अंकात हे शोभत नाही, काढून टाका. काय करू?

बाई, काढू नका. अजिबात काढू नका.

१९७२ ला ते हरले, तेव्हा राज्यात काँग्रेसची लाट होती आणि त्याच साली मोठा दुष्काळ पडलेला. आमदारकी नसताना, दुष्काळाच्या काळात, हा माणूस काय करत होता हा प्रश्न मला तरी फार महत्त्वाचा वाटतो, कारण पद गेल्यावर लोकांत राहतो का नाही यावरूनच कळतं कोण कशासाठी आलं होतं. ते राहिले, म्हणून तर दोन वर्षांत पोटनिवडणुकीत परत आले. दुसरा पराभव १९९५ चा, शहाजीबापू पाटलांकडून, अगदी थोडक्या मतांनी. वय तेव्हा सत्तरीकडं झुकलेलं. बहुतेक पुढाऱ्यांनी तिथंच निवृत्तीची भाषा केली असती किंवा मग मोठ्या पक्षात गेले असते, शेकापचं राज्यातलं बळ तोवर बरंच ओसरलेलं होतं हे सगळ्यांना दिसत होतं. ते त्याच झेंड्याखाली फिरले आणि १९९९ ला परत जिंकले, तिथून सलग चार वेळा. हे पराभव काढून टाकले तर उरलेल्या विजयांना अर्थच राहत नाही.

आता मंत्रिपदाचं. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते मंत्री होते, तेव्हा शेकाप सगळा त्या आघाडीतच होता. १९९९ ला मात्र ज्या काँग्रेसशी आयुष्यभर भांडले तिच्याच नेतृत्वाखालच्या विलासराव देशमुखांच्या सरकारात ते गेले, आणि डाव्या विचाराच्या जुन्या कार्यकर्त्यांना ते टोचलं असेल तर त्यात नवल नाही. दुसरी बाजू पण लिहा ना, की सेना-भाजपला बाहेर ठेवायचं हा त्यांच्या पक्षाचा राजकीय निर्णय होता, आणि तालुक्यासाठी पाण्याचा निधी हवा होता, आणि २००२ ला शेकापनं सरकारचा पाठिंबा काढून घेतला. दोन्ही बाजू मांडा आणि वाचणाऱ्याला ठरवू द्या. ज्या माणसानं विरोधी पक्षात बसून एवढी वर्षं सरकारला प्रश्न विचारले, त्याच्याबद्दल प्रश्न विचारायचा नाही, हा कुठला आदर झाला?

संपादक मंडळाला एक सांगून बघा. फक्त स्तुती असलेली स्मरणिका लोक घरी नेतात आणि माळ्यावर ठेवतात. ज्यात खरं काही असतं ती वाचतात, भांडतात त्यावरून, आणि जपून ठेवतात.

प्रश्न: विधानसभेत त्यांच्याबद्दल शोकप्रस्ताव आला असेल ना? तो आणि त्यांची जुनी भाषणं सामान्य माणसाला मिळतात का? की त्यासाठी आमदाराची चिठ्ठी लागते? (सोलापूर)

चिठ्ठी लागायचं कारण नाही. आधी पद्धत सांगतो, म्हणजे शोधायला सोपं जाईल. सभागृहाचा आजी किंवा माजी सदस्य गेला की त्यानंतरच्या अधिवेशनात, बहुतेक सुरुवातीलाच, शोकप्रस्ताव मांडला जातो. सगळ्या पक्षांचे लोक बोलतात, मग सभागृह उभं राहून श्रद्धांजली वाहतं, आणि सभागृहाच्या भावना कुटुंबाला कळवल्या जातात. आबा गेले जुलैच्या शेवटी, तोवर २०२१ चं पावसाळी अधिवेशन आटपलं होतं, आणि पुढचं अधिवेशन डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईत झालं. म्हणजे शोधायची सुरुवात तिथून करा.

विधानसभेत बोललेला शब्दन् शब्द नोंदला जातो, त्याला कार्यवाही म्हणतात, आणि ती विधान भवनाच्या ग्रंथालयात असते. विधानमंडळ सचिवालयाच्या नावानं साधा अर्ज करा, कोणत्या सदस्याचं कोणत्या वर्षाचं कोणत्या विषयावरचं पाहिजे ते स्पष्ट लिहा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. नुसतं 'गणपतराव देशमुखांची सगळी भाषणं द्या' असं लिहिलंत तर कुणीच देऊ शकणार नाही, पन्नासेक वर्षांचं काम आहे ते. विषय धरून मागा: दुष्काळ, रोजगार हमी, कृष्णा खोरं, सूतगिरण्या.

आणि नुसती भाषणं बघू नका, माझी ही कळकळीची विनंती आहे. आमदाराचं खरं काम प्रश्नांत दिसतं. तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं आणि त्यावर लगेच उपप्रश्न येतात, तिथं मंत्र्याची तयारी आहे का नाही ते उघडं पडतं. लक्षवेधी असते, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना, अर्धा तास चर्चा असते, अर्थसंकल्पावर कपात सूचना असतात, म्हणजे खात्याची मागणी कमी करा असं सुचवून गाऱ्हाणं मांडायचं. कुठल्या वर्षी कुठल्या गावच्या तलावाबद्दल विचारलं आणि मंत्र्यानं काय आश्वासन दिलं हे वाचलं की कळतं की तालुका किती आतपर्यंत माहीत होता. आबा काही काळ विरोधी पक्षनेतेही होते, १९७७-७८ च्या सुमारास, त्या काळातली कार्यवाही तर जरूर मागवा.

रोजगार हमीचा विषय निघालाच आहे तर थोडं जास्त लिहितो, कारण त्याबद्दल फार गोंधळ आहे. बऱ्याच श्रद्धांजलीच्या लेखांत रोजगार हमी आबांनी आणली असं छापून येतं. या योजनेचे जनक वि. स. पागे, ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि त्यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्येच हा प्रयोग करून बघितला होता. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक कामावर आले, १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा आला तो याच योजनेला पैसा उभा करायला, १९७७ ला रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशात असा कायदा २००५ ला आला, आपल्याकडं पाव शतक आधीच होता. आजही मुंबई-पुण्यात पगार घेणाऱ्याच्या स्लिपवर व्यवसाय कर कापलेला दिसतो, तो कशासाठी सुरू झाला ते किती जणांना माहितीय? खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी शहरातल्या पगारदारानं द्यायचे पैसे होते ते. हा कायदा व्हावा, तो नीट राबवला जावा, मजुरी वेळेवर मिळावी यासाठी सभागृहात आणि बाहेर भांडणाऱ्या डाव्या आमदारांत आबा होते, आणि कायदा लागू झाला तेव्हा ते मंत्रिमंडळात होते. एवढं लिहा. पागे साहेबांचं श्रेय पागे साहेबांना द्या. एकाला मोठं करायला दुसऱ्याचं काम पुसायचं नसतं, आणि ज्यांनी आयुष्यभर मजुराच्या घामाच्या दामाची भाषा केली त्यांच्या बाबतीत तर नाहीच.

प्रश्न: आमच्या गावच्या चौकात त्यांचा पुतळा बसवायचा ठराव झालाय, वर्गणी पण जमतेय. परवानग्या काय लागतात? (सांगोला तालुका)

रस्त्यावर, फुटपाथवर किंवा सार्वजनिक वापराच्या जागेवर पुतळ्याला परवानगी देऊ नका असा सुप्रीम कोर्टाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे, त्यामुळं चौकाचा नाद सोडा. संस्थेच्या आवारात असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडं प्रस्ताव जातो, जागेची मालकी, ग्रामपंचायतीचा ठराव, पोलिसांचा अभिप्राय, मूर्तिकाराच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, असं सगळं लागतं. सांगोल्यात त्यांचा पुतळा ऑगस्ट २०२३ मध्ये बसलाच आहे, त्याच्या अनावरणाला शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस दोघंही आले होते.

वर्गणी जमलीच असेल तर माझं मत स्पष्ट सांगतो, गावात अभ्यासिका काढा. पंचवीस खुर्च्या, चांगले दिवे, इंटरनेट, आणि एका कपाटात वर सांगितलेले कार्यवाहीचे कागद. पुतळ्याच्या खर्चात होऊन पैसे उरतील.

प्रश्न: मी बारावीला आहे. आमच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे आणि विषय दिलाय 'गणपतराव देशमुख: एक आदर्श लोकप्रतिनिधी'. नेटवर सगळं तेच तेच आहे. सुरुवात कशी करू? (पंढरपूर)

तू विचारलंस ते बरं केलंस, कारण नेटवरचं जसंच्या तसं म्हटलंस तर तुझ्या आधीच्या चौघांनी तेच म्हटलेलं असेल. एक सुचवतो. ते मूळचे सांगोल्याचे नव्हते. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, वकिली करायला सांगोल्यात आले. म्हणजे बाहेरून आलेला एक तरुण वकील, तालुक्यात भावकी नाही, पाठीशी सत्ताधारी पक्ष नाही, साखर कारखाना नाही. सत्तेतल्या पक्षाविरुद्ध उभं राहून १९६२ ला तो जिंकतो. कसा? कोर्टात गरीब पक्षकारांचे खटले लढवताना लोकांनी त्याला बघितलं असेल का, कुळांचे, जमिनीचे, सावकारीचे वाद तेव्हा किती होते, हे तुझ्या इतिहासाच्या सरांना विचार, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना विचार. हा एक प्रश्न घेऊन उभी राहा आणि पाच मिनिटं तोच उलगड. 'आदर्श' हा शब्द विषयात आहे म्हणून भाषणात दर वाक्याला आलाच पाहिजे असं काही नाही.

आणि परीक्षकांनी विचारलं की आज अशा माणसाचा काय उपयोग, तर त्यांना २०१९ आणि २०२४ चे आकडे सांग. २०१९ ला आबा उभे नव्हते, नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे होते, ते हजाराच्या आत मतांनी हरले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख जिंकले, शेकापच्याच झेंड्यावर. घराणेशाही आहे का ही? तो प्रश्न पण येईल, तयारी ठेव. माझ्या मते लोकांनी नातवाला संधी दिलीय आणि हिशोब आबांच्या मापानंच होणार आहे, पण तुला वेगळं वाटत असेल तर बिनधास्त तसं मांड.

प्रश्न: मी नोकरीनिमित्त दुबईत आहे, मूळ गाव सांगोल्याजवळ. इथून काय करता येईल? (दुबई)

पैसे पाठवायच्या आधी घरी फोन करा. वडिलांच्या, चुलत्यांच्या ट्रंकेत जुने फोटो, सभेची पत्रकं, पाणी परिषदेचे बिल्ले, आबांच्या सहीची पत्रं असतील. पुतण्याला सांगून ती नीट उजेडात फोटो काढून मागवा, मागं कुणी काही लिहिलं असेल तर त्याचाही फोटो, आणि फोटोत कोण कोण आहे ते वडिलांना आत्ताच विचारून लिहून ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्यानं ते खराब होतात. पुण्यातला जो ग्रुप वर लिहितोय त्यांच्याशी तुमची गाठ घालून देतो, दोघांचीही तयारी असेल तर तसं कळवा.

पुढच्या अंकासाठी पत्रं २० तारखेपर्यंत पाठवा. आबासाहेबांच्या सभेचं, मोर्चाचं, सूतगिरणीचं काही लिहिलेलं तुमच्याकडं असेल तर तेही पाठवा, मोठं असलं तरी चालेल, जागा करू.